पाऊस मोजायला शिकवणाऱ्या मणीबाई



मृगाचा पाऊस झाला की आपण एकमेकींना विचारतो, “तुमच्याकडं किती झाला?” कुणी म्हणतं बरा झाला, कुणी म्हणतं नुसतीच भुरभुर, कुणी म्हणतं ओढ्याला पाणी आलं. बोलण्यापुरतं हे ठीक आहे. पण विहिरीला पाणी कधीपर्यंत राहील, रब्बीला गहू घ्यायचा की ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचं, हे ठरवायचं तर पावसाचा आकडा लागतो. आणि तो आकडा बरोबर असावा लागतो. आज आपण एका शास्त्रज्ञ बाईंची ओळख करून घेऊ. आपल्या देशात हवामानाची मापं बरोबर घेतली जावीत, म्हणून त्यांनी जन्मभर काम केलं.

त्यांचं नाव अण्णा मणी. अण्णा म्हटलं की आपल्याकडं थोरला भाऊ डोळ्यापुढं येतो, म्हणून आपण त्यांना मणीबाई म्हणू. त्यांचा जन्म १९१८ सालचा, केरळातल्या पीरमेडचा. घर खाऊनपिऊन सुखी. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या द्यायची त्या घरात रीत होती. या मुलीनं कुड्या नको म्हटलं आणि इंग्रजी ज्ञानकोशाची पुस्तकं मागितली. गांधीजींच्या चळवळीचा तिच्या मनावर परिणाम झाला आणि तिनं खादी घातली. बहिणींची लग्नं लवकर झाली, हिला मात्र शिकायचं होतं.

मद्रासला पदवी घेऊन १९४० साली त्या बंगळुरूला गेल्या. तिथं सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांतून प्रकाश कसा बाहेर पडतो, याचा अभ्यास केला. लहानपणी नाकारलेले हिरे असे अभ्यासाला समोर आले! पाच शोधनिबंध लिहून झाले, प्रबंधही तयार झाला. पण एम.एस्सी. झालेलं नाही, या कारणावरून त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. त्या अडून बसल्या नाहीत. १९४५ साली सरकारी शिष्यवृत्ती घेऊन त्या लंडनला गेल्या आणि हवामानाच्या यंत्रांचं शिक्षण घेऊन आल्या.

१९४८ साली त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाची दगडी इमारत आहे ना, ती याच खात्याची. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. पाऊस, वारा, उष्णता मोजायची साधी साधी यंत्रंही तेव्हा बहुतेक परदेशातून येत. मणीबाईंनी जवळजवळ शंभर यंत्रांचे आराखडे पक्के केले आणि ती इथंच तयार होऊ लागली. विभागाची जबाबदारी त्यांच्याकडं आली तेव्हा हाताखाली शंभरावर पुरुष होते. चुकीचं माप घेण्यापेक्षा माप न घेतलेलं बरं, असं त्यांचं मत होतं.

असं त्या का म्हणत, ते आपण हिशेबानंच पाहू. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. पडलेलं पाणी न वाहता, न जिरता जागच्या जागी साठलं असतं, तर त्याची जी उंची झाली असती, तो त्या दिवसाचा पाऊस. मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका एकरावर तोच पाऊस सुमारे चार हजार लिटर होतो. आता समजा, वर्षात पाऊस झाला ६०० मिलिमीटर, पण यंत्र झाडाच्या आडोशाला असल्यामुळं नोंद झाली ५४० ची. म्हणजे एकरी दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी वहीतून नाहीसं झालं. दहा हजार लिटरचे चोवीस टँकर! दुष्काळ ठरवताना, पाण्याचं नियोजन करताना असेच आकडे पुढं ठेवले जातात.

मणीबाई पावसापाशी थांबल्या नाहीत. समुद्राचं, तळ्याचं, ओल्या शिवाराचं पाणी वर जातं, त्याचे ढग होतात, पाऊस होऊन ते परत खाली येतं. हा रहाट फिरतो तो सूर्याच्या उष्णतेवर. ती उष्णता कुठं किती पडते, हे मोजायला त्यांनी १९५७-५८ च्या सुमारास देशभर केंद्रं उभी केली. पुढं हवेतला ओझोन मोजायचं, फुग्याबरोबर वर जाणारं यंत्रही त्यांच्या देखरेखीखाली इथंच तयार झालं. खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ साली त्या निवृत्त झाल्या. नंतरही ऊन आणि वारा यांपासून वीज कुठं मिळेल, यासाठी त्या मोजमापं करत राहिल्या. १९८० आणि १९८१ साली भारतातल्या सूर्यप्रकाशाच्या नोंदींची त्यांची दोन मोठी पुस्तकं निघाली. २००१ साली त्या गेल्या.

आता आपल्याला काय करता येईल? बाजारात प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक मिळतो. तो नसेल तर तळ आणि तोंड सारख्याच मापाचं, सरळ भिंतीचं, सपाट बुडाचं भांडं घ्या. उतरतं भांडं चालणार नाही. ते उघड्यावर, सपाट जागी, कोंबड्या-शेरडांचा धक्का लागणार नाही असं पक्कं बसवा. जवळचं झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या दुपटीनं तरी ते लांब ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, आपणही तीच वेळ धरू. पट्टी सरळ बुडवायची, मिलिमीटर वाचायचे, तारखेपुढं लिहायचे आणि पाणी ओतून टाकायचं. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं. रिकामी जागा सोडली तर पाऊस नव्हता की नोंद राहिली, ते पुढं कळत नाही. अंदाजानं आकडा भरायचा नाही.

आपली वही सरकारी कामात धरली जाणार नाही, हे खरं. पण सरकारी यंत्र पूर्ण मंडळात एखादंच असतं, आणि पाऊस तर एका शिवारात पडून शेजारचं कोरडं ठेवतो. आपल्या गावात काय पडलं, हे आपल्या वहीतच सापडेल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पावसाच्या नोंदीवरून गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावरून पिकं ठरवली. तसा हिशेब ग्रामसभेत मांडायचा, तर हातात आकडे हवेत.

बचतीच्या पैशाची नोंद आपल्या गटात रुपयाचीही चुकत नाही. पावसाची वहीही त्याच हातांनी लिहू या. गटातल्या दोघींनी आठवडा-आठवडा वाटून घेतला, तर रोजचं काम पाच मिनिटांचं आहे. पुढच्या बैठकीत भांडं कुठं बसवायचं आणि वही कुणाकडं राहील, एवढं ठरवून टाका.