घरातील हिंसा, पोलीस ठाणे आणि बालकल्याण यंत्रणा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई उपनगरांत कौटुंबिक हिंसेची तक्रार पुढे नेताना पोलीस, समाजकार्यकर्त्या आणि बालकल्याण समिती यांची कामे कायद्याने वेगवेगळी ठरवली आहेत. ती एकमेकांशी कशी जोडलेली आहेत हे ठाऊक नसल्यामुळे पुढील गैरसमज रूढ झाले आहेत.

गैरसमज : पोलीस ठाण्यातील समाजकार्यकर्ती समेट घडवण्यासाठी असते.
वस्तुस्थिती : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे कांदिवलीसारख्या उपनगरांतही असे कक्ष आले. तेथील समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात बसत असल्या, तरी त्यांचे पहिले उद्दिष्ट हिंसा थांबवणे हे असते. नांदायचे की वेगळे राहायचे, हा निर्णय तक्रारदार स्त्रीचाच असतो.

गैरसमज : ‘घरगुती भांडण’ म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद केली, की पोलिसांचे काम संपते.
वस्तुस्थिती : पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा दखलपात्र गुन्हा ठरू शकतो. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार, संरक्षण अधिकारी, म्हणजे पीडितेला न्यायालयापर्यंत नेणारा शासकीय अधिकारी, आणि मोफत विधी सेवा यांची माहिती तिला देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. या कायद्याखालील अर्ज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, विक्रोळी यांसारख्या ठिकाणच्या न्यायालयांपैकी ज्याच्या हद्दीत प्रकरण येते तेथे करता येतो, आणि पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी लागते.

गैरसमज : मुलाला मार बसला नसेल, तर प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.
वस्तुस्थिती : संरक्षण अधिकारी जो ‘घरगुती घटना अहवाल’ भरतो, त्यात प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि ते सध्या कोणाजवळ राहते, याचे रकाने असतात, त्या नोंदींचा उपयोग न्यायालयाला मुलांचा तात्पुरता ताबा ठरवताना होतो. म्हणून पोलिसांनी घरातल्या मुलांची विचारपूस पहिल्याच भेटीत करणे अगत्याचे असते.

गैरसमज : पोलिसांत गेले की मूल हिरावून बालगृहात टाकतात.
वस्तुस्थिती : २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो, मात्र मुलाने कोठे राहावे हे तो ठरवत नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत एक अध्यक्ष व चार सदस्यांच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. कुटुंबाची सामाजिक चौकशी करून समिती निर्णय देते, आणि संस्थेत ठेवणे हा कायद्याच्या दृष्टीने शेवटचा उपाय असल्याने आईजवळ सुरक्षितपणे राहण्याचा मार्ग आधी तपासावा लागतो.

हिंसा घडली असे मानण्यास कारण असल्यास शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. म्हणून भिंतीपलीकडून मूल रडताना ऐकू आले, तर ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून दार लावून न घेता १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.