व्यवस्थापन कोणासाठी?

एप्रिल उजाडला की व्यवस्थापन संस्थांच्या पॅकेजचे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात. शिकवलं काय, हे क्वचितच छापून येतं. 1961मध्ये अहमदाबादला आयआयएम उभी राहिली तेव्हा चित्र थोडं वेगळं होतं. पुढाकार विक्रम साराभाईंचा, पैसा काही अंशी फोर्ड फाउंडेशनचा, केस पद्धत हार्वर्डची. पण सुरुवातीच्या काळातच शेती आणि सहकारासाठी प्राध्यापकांचा वेगळा गट तयार झाला. कारखान्यांपलीकडेही देश आहे, याची ती जाण होती.

ती जाण सर्वांत लांब नेली रवी मथाईंनी. 1965मध्ये ते संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. 1972मध्ये त्यांनी आपणहून पद सोडलं आणि तिथेच प्राध्यापक म्हणून राहिले. आपल्याकडे खुर्ची सोडणारे विरळाच, आणि सोडून त्याच इमारतीत खालच्या पदावर काम करणारे तर त्याहून विरळ! 1975च्या सुमारास ते राजस्थानात तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या दुष्काळी भागात पोचले. सोबतीला राष्ट्रीय डिझाइन संस्था होती. सरकारी नजरेत तिथे विकासाला लागणारी साधनसंपत्ती नव्हतीच. मथाईंना मात्र तिथे विणकर आणि चामड्याचं काम करणारे कारागीर दिसले, म्हणजे हातात कसब आणि बाजार मात्र दुसऱ्याच्या मुठीत.

त्यांना उत्पादन वाढवण्यापेक्षा कारागिरांचं परावलंबन कमी करायचं होतं. कच्चा माल कुठून घ्यायचा, किंमत कशी लावायची, हिशेब कोण ठेवणार, हे कारागिरांनीच शिकायचं. प्राध्यापकांनी हळूहळू बाजूला व्हायचं. काम कूर्मगतीने चाललं, जातीपातीचे अडथळे आले, शहरी गिऱ्हाइकाची आवड सांभाळणं जड गेलं. पण पिशव्या आणि सतरंज्या विकणारी कारागिरांची स्वतःची संघटना उभी राहिली. मथाई 1984मध्ये गेले, तरी ती टिकली.

1979मध्ये ‘अमूल’च्या वर्गीज कुरियन यांनी आणंदला ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली, ती शेतकऱ्यांच्या संस्थांना सचोटीचे व्यवस्थापक मिळावेत म्हणून. पुढे तिथलेही बरेच पदवीधर खासगी कंपन्यांकडे वळले. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण सहकारी संघाचा पगार आणि तिथलं राजकारण पाहिल्यावर कोणाचं मन डगमगणार नाही?

1991च्या आर्थिक उदारीकरणानंतर नोकऱ्यांचा बाजार फुगला. कंपन्यांचे घोटाळे गाजले तसा नीतिमत्तेचा पेपरही अनेक अभ्यासक्रमांत आला. मथाईंनी असा पेपर काढला नव्हता. त्यांनी पोरांना आणि सहकाऱ्यांना जवाजाला नेलं.