म्हणे, बाईचं डोकं फिरलंय!

मैत्रिणींनो, बाईने चूक दाखवली की ‘हिचं डोकं फिरलंय’ म्हणून मोकळं व्हायचं, ही रीत आपल्या ओट्यापासून पार विमानाच्या कॉकपिटपर्यंत पोचलेली आहे बरं का! अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सच्या वैमानिक कार्लीन पेटिट यांची हकिगत वाचली आणि मी थक्कच झाले.

नातवंडं असलेल्या या बाई मोठाली विमानं चालवत होत्या, शिवाय विमानसुरक्षेवर पीएच.डी. करत होत्या. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी वरिष्ठांना चाळीसहून जास्त पानांचा अहवाल दिला. वैमानिकांचा थकवा, प्रशिक्षणातल्या उणिवा, तक्रार करायला घाबरणारे सहकारी, सगळं त्यात होतं. दोनएक महिन्यांतच कंपनीने त्यांचं उड्डाण थांबवलं आणि त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. हा डॉक्टर कंपनीनेच निवडलेला. त्याने ‘बायपोलर’ असं निदान केलं. हा शिक्का बसला की वैमानिकाची कारकीर्द संपलीच म्हणा.

आणि त्या निदानामागचं एक कारण ऐका! पूर्वी तीन मुलं सांभाळून ही बाई रात्रीचं कॉलेज करायची, वर नवऱ्याच्या धंद्यातही मदत करायची. हे म्हणे त्याला भेटलेल्या कुठल्याही बाईच्या आवाक्याबाहेरचं होतं. आता या हिशेबाने आपल्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना दवाखान्यात न्यावं लागेल!

पेटिटबाई गप्प बसल्या नाहीत. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून असा कुठलाही आजार नाही, असं सांगितलं. तिसऱ्या, तटस्थ डॉक्टरचंही तेच मत पडलं. त्या पुन्हा उडू लागल्या, पण तोवर दीड वर्षाहून जास्त काळ गेला होता.

खरी लढाई झाली ती श्रम खात्याच्या न्यायाधीशापुढे. अमेरिकेत २००० सालच्या ‘एअर-२१’ कायद्याने विमान कंपनीतल्या माणसाला सुरक्षेची तक्रार केल्याबद्दल छळलं, तर दाद मागता येते. मात्र ९० दिवसांच्या आत. आधी खात्याचे अधिकारी चौकशी करतात, मग हे प्रशासकीय न्यायाधीश सुनावणी घेतात. त्यांच्यापुढे ज्युरी नसते, पण शपथेवर साक्षी होतात, उलटतपासणी होते. मला आवडलं ते पुराव्याचं ओझं. सूड हेच एकमेव कारण होतं, असं बाईला सिद्ध करावं लागत नाही. तक्रारीचा त्यात हातभार होता, एवढं दाखवलं की पुरे. मग, तक्रार नसती तरी आम्ही हेच केलं असतं, हे कंपनीने भक्कम पुराव्यानिशी पटवायचं. कागदपत्रं, पैसा, वकील सगळं ज्याच्याकडे, ओझंही त्याच्याकडेच. बरोबर आहे ना?

डिसेंबर २०२० मध्ये निकाल लागला. कंपनीने सूडच उगवला, असं न्यायाधीशांनी ठरवलं. ५ लाख डॉलरची भरपाई सांगितली आणि हा निकाल आपल्या सगळ्या वैमानिकांना पाठवा, असा हुकूमही दिला. मला भरपाईपेक्षा हा हुकूम मोठा वाटतो. ज्यांच्यात त्यांची ‘वेडी’ म्हणून कुजबुज झाली असेल, त्यांच्याच हातात निकाल!

अशा न्यायाधीशाचा शब्द अखेरचा नसतो. वर खात्याचं अपील मंडळ, त्याच्या वर केंद्रीय अपील न्यायालय. कंपनी अपिलात गेलीच. सूड घेतल्याचा ठपका मंडळाने मार्च २०२२ मध्ये कायम ठेवला, आणि त्याच वर्षी दोन्ही बाजूंनी तडजोड केली. पहिल्या अहवालापासून सहा वर्षं उलटून गेली होती.