'तू' म्हणजे 'तू'च!

गेल्या उन्हाळ्यात सबमिशनं उरकून वढू बुद्रुकला घरी गेलो, तेव्हा डोक्यात एक खूळ होतं. पुण्यात वर्षभर स्पॅनिशचा क्लास केला होता, तेच गावातल्या तिसरी-चौथीच्या पोरांना शिकवायचं. पहिल्या दिवशी आमच्या ओसरीवर अकरा पोरं जमली. आजोबा म्हणाले, "अरे, त्यांना इंग्रजी धड येईना, त्यात हे आणखी काय?"

प्रश्न रास्त होता. त्यात मी सुरुवातच चुकीची केली. मी जसा शिकलो तसंच, फळ्यावर आधी इंग्रजी वाक्य, मग त्याचं स्पॅनिश. तिसऱ्या दिवशी चार पोरं उरली. एरवी घरात कोणाला बोलू न देणारी माझी धाकटी चुलत बहीण मान खाली घालून बसलेली. रात्री विचारलं, तर म्हणाली, "दादा, मला इंग्रजी येत नाही, मग हे कसं येणार?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मधली इंग्रजीची पायरी काढून टाकली आणि थेट मराठीतून शिकवायला लागलो. मग काय काय हाती लागलं बघा.

उच्चारांचं म्हणाल, तर स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच, जीभ दातांना लावून. स्वर पाचच आणि ठरलेले. थोडे नियम कळले की लिहिलंय तसं वाचता येतं, स्पेलिंगची घोकंपट्टी नाही.

मित्राला तिथे बहुतेक ठिकाणी 'तू'च म्हणतात, अर्थही तोच! मोठ्यांना 'उस्तेद', म्हणजे आपलं 'तुम्ही'. इंग्रजीत दोघांना एकच शब्द. 'निन्यो बुएनो' म्हणजे चांगला मुलगा, 'निन्या बुएना' म्हणजे चांगली मुलगी. विशेषण आपल्यासारखंच बदलतं.

सगळ्यात मजा आंब्याची. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे मला आंबा आवडतो. आंबे अनेक झाले की 'गुस्ता'चं 'गुस्तान' होतं, जसं 'आवडतो'चं 'आवडतात'. क्रियापद आंब्याच्या मागे जातं. मला क्लासमध्ये हे समजायला आठवडा लागला होता, कारण मी इंग्रजीतून विचार करत होतो. पोरांना एका दुपारीत कळलं!

शब्दही ओळखीचे निघाले. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण, तिच्यात 'पागार' म्हणजे पैसे देणे.

संस्कृती शिकवायला झेंडू कामी आला. हे फूल मूळचं मेक्सिकोचं. तिथे 1 आणि 2 नोव्हेंबरला गेलेल्या माणसांसाठी झेंडूची आरास करून त्यांच्या आवडीचं जेवण मांडतात. एक पोरगा लगेच म्हणाला, "म्हणजे पित्तरं!"

असे प्रयोग आपल्याकडे झालेत. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेने 2019 मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना परदेशी भाषा निवडायला सांगितली. रोबोटिक्सच्या ओढीने बऱ्याच जणांनी जपानी निवडली आणि 2020 मध्ये ती ऑनलाइन शिकलीही. आणि आमच्या गावात तर ज्यांची समाधी आहे, त्या संभाजी महाराजांनी संस्कृतात 'बुधभूषण' लिहिलं, शिवाय ब्रज भाषेतही काव्य केलं. भाषेला भिणं आमच्या गावाला शोभत नाही!

महिन्याभरात पोरं काही स्पॅनिश बोलायला लागली नाहीत. साठेक शब्द, दहा-बारा वाक्यं, बस्स. पण ओसरीवर पुन्हा नऊ जण बसू लागले. हॉस्टेलवरच्या दोस्तांनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा जे येतं ते शिकवा, फक्त मराठीतून शिकवा.

निघायच्या दिवशी बहिणीने आजोबांना विचारलं, "कोमो एस्ता उस्तेद?" तू नाही, उस्तेद! मी काही सांगितलं नव्हतं. आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "काय म्हणतीय ही?"

"तुम्ही कसे आहात, असं विचारतीय."

"बरा आहे म्हणावं," आजोबा म्हणाले, आणि तिला जवळ बसवून त्याचं स्पॅनिश विचारू लागले.