कृष्णसाराचें माळरान

कृष्णसार मृग जेथें स्वभावतःच संचार करितो, तो देश यज्ञास योग्य, असें मनूनें म्हटलें आहे. वाशीम जिल्ह्यांतील कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य ह्या कसोटीस आजही उतरतें. श्रीनृसिंह सरस्वतींचें जन्मस्थान म्हणून कारंज्यास जाऊन आलेलीं कुटुंबें पुष्कळ. पण तेथून जवळचा हा माळ पाहून आलेलीं विरळा!

अभयारण्य म्हटलें कीं घनदाट झाडी डोळ्यांपुढें येते. तशी झाडी पाहणें असल्यास अकोला व वाशीम ह्या जिल्ह्यांतील काटेपूर्णा अभयारण्यांत जावें. १९८८ सालीं घोषित झालेल्या, सुमारें ७४ चौरस किलोमीटरच्या त्या शुष्क पानझडी रानांत साग, सालई, धावडा, तेंदू हे वृक्ष उन्हाळ्यांत निष्पर्ण होतात. झुडुपांच्या आडोशानें राहणारा चौशिंगा तेथेंच सुखी. कारंजा-सोहोळ मात्र सुमारें १८ चौरस किलोमीटरचें, २००० सालीं संरक्षण पावलेलें, बहुतेक गवताळ रान आहे. काळविटाचें सारें शस्त्र म्हणजे त्याची दृष्टि आणि त्याचे पाय. लांडगा दुरून दिसला पाहिजे व पळावयास मैदान मोकळें पाहिजे. दाट झाडींत तो आंधळा व पंगु होतो. त्याचीं पिळदार शिंगें हरणांच्या शिंगांप्रमाणें गळत नाहींत, म्हणून शास्त्रज्ञ त्यास हरणांत न गणतां कुरंगांत गणतात.

असें असतां ह्या माळांस 'पडीक' म्हणावयाचें आणि पुण्यकर्म समजून तेथें खड्डे खणून झाडें लावावयाचीं, ही आपली रीत! वृक्षारोपण वाईट असें कोण म्हणेल? पण मारवेल, पवना, कुसळी ह्या गवतांवर झाडांची सावली धरली म्हणजे गवत जातें, आणि त्याबरोबर तणमोरही जातो. पावसाळ्यांत मादीस दिसावें म्हणून गवतावर वारंवार उंच उडी घेणारा हा पक्षी २०२१ पासून जगांतील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. ज्या फासेपारध्यांचे पूर्वज फांसे लावून पोट भरीत, त्यांच्यांतील कांहीं कुटुंबें ह्या भागांत आज तेंच गवत राखीत आहेत.

आतां घरांतील गोष्ट. मुंजींत बटूस अजिन हवें, म्हणून कोणीं 'अस्सल' कृष्णाजिनाचा तुकडा मिळवून देतों म्हटल्यास तो घेऊं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळवीट मारणें तर गुन्हा आहेच, पण त्याचें कातडें विकणें वा परवान्यावांचून बाळगणें हाही गुन्हाच. ज्या मृगावरून यज्ञभूमि ओळखावयाची, त्यालाच संस्कारासाठीं मारविणें हें कोणत्या शास्त्रांत बसतें, तें उपाध्यायांसच विचारावें.

शेतकऱ्याचें गाऱ्हाणेंही खोटें नाहीं. सोयाबीन व हरभरा काळविटांचे कळप खातात, आणि रात्रीचें जागलें त्यालाच करावें लागतें. पिकाची भरपाई सरकार देतें. ती वेळेवर हातीं पडली, तरच त्याच्या मनांत ह्या प्राण्याविषयीं गोडी राहील. त्यांतच ह्या परिसरांतून समृद्धि महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर-शिर्डी भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला. वन्य प्राण्यांसाठीं त्यावर खालून-वरून वाटा ठेविल्या आहेत खऱ्या. पण चोहोंकडे दृष्टि पोंचल्यावांचून पाऊल न टाकणारा हा प्राणी पुलाखालच्या अंधारांतून कितपत जाईल, ह्याची मला शंकाच आहे.