साठ पानांचा अंदाज

‘ट्रेडिंग कार्ड गेम’ खेळताना प्रत्येक जण आपला कॅट घरून बांधून आणतो. रमी किंवा झब्बूत सगळे एकाच कॅटमधून खेळतात. बावन्न पाने सर्वांना ठाऊक असतात आणि कोणाच्या हाती काय येईल ते पिसण्यावर अवलंबून असते. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये मात्र हजारो कार्डांतून निवडलेला ज्याचा त्याचा वेगळा संच असतो. त्याला ‘डेक’ म्हणतात. त्यामुळे स्पर्धेतली पहिली चाल टेबलावर बसण्याआधीच खेळली जाते. ती म्हणजे कोणता डेक न्यायचा, हा निर्णय. या निर्णयामागचा हिशोब समजून घ्यायला या प्रकारातला सर्वांत जुना खेळ, म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’, सोयीचा आहे. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ अमेरिकेतील ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने १९९३ साली बाजारात आणला.

खेळाचा सांगाडा साधा आहे. दोघे समोरासमोर बसतात. प्रत्येकाकडे २० लाइफ असते आणि सुरुवातीला हातात सात पाने. आपल्या पाळीत एक पान उचलायचे आणि एकच ‘लँड’, म्हणजे जमिनीचे कार्ड, मांडायचे. जमिनीतून ‘माना’ मिळते. माना हे या खेळातले चलन. बाकीची बहुतेक कार्डे तिच्या मोबदल्यात खेळता येतात. लढवय्ये मांडून हल्ला करायचा, मंत्र टाकायचे आणि समोरच्याचे लाइफ शून्यावर आणायचे. पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा असे कार्डांचे पाच रंग असून प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. लाल रंग तडकाफडकी घाव घालतो, तर निळा समोरच्याचा मंत्र हवेतल्या हवेत रद्द करतो.

डेकमध्ये किमान ६० पाने हवीत आणि साध्या जमिनी सोडल्या तर एका नावाची चारपेक्षा जास्त पाने चालत नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत ही चाराची मर्यादा नव्हती. ती १९९४ मध्ये आली. ६० पेक्षा जास्त पाने ठेवायला बंदी नाही, तरी मुरलेले खेळाडू सहसा एकही पान वाढवत नाहीत. याला कारण गणिताचे आहे. ६० पानांत एखाद्या कार्डाच्या चार प्रती असतील, तर पहिल्या सात पानांत त्यांतली निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. एकच प्रत असेल तर ती १२ टक्क्यांच्या खाली जाते. वाढवलेले प्रत्येक पान या शक्यतेतून थोडे थोडे कापून घेते.

स्पर्धेतल्या डेकांची ढोबळमानाने तीन घराणी आहेत.

पहिले घराणे ‘ॲग्रो’, म्हणजे धडाक्याचे. याचा आदर्श म्हणजे ‘स्लाय’ हा लाल डेक. १९९६ मध्ये पॉल स्लाय या खेळाडूने अटलांटातील पात्रता स्पर्धेत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेला. डेकला नाव त्याचे मिळाले, पण कल्पना जे श्नायडरची होती. त्यातली कित्येक कार्डे तोवर टाकाऊ समजली जात. डेकचे बळ कार्डांपेक्षा मांडणीत होते. पहिल्या पाळीत एक माना असते, म्हणून एका मानेचे कार्ड हवे. दुसऱ्या पाळीत दोनाचे, तिसऱ्यात तिनाचे. एकही माना वाया जाऊ द्यायची नाही. या चढत्या मांडणीला पुढे ‘माना कर्व्ह’ हे नाव रूढ झाले. पहिल्या पाळीत दोन ताकदीचा एक लढवय्या मांडला, असे समजू. दुसऱ्या पाळीत तो हल्ला करतो: समोरचा १८ वर. त्याच पाळीत तितक्याच ताकदीचा दुसरा मांडला, की तिसऱ्या पाळीत चारचा घाव बसतो: १४. मग तिसरा लढवय्या आणि जोडीला ‘लायटनिंग बोल्ट’, म्हणजे एका मानेत तीनचा घाव: ११. चौथ्या पाळीत सहाचा हल्ला आणि आणखी एक बोल्ट: उरले २. कोणी अडवले नाही तर पाचव्या पाळीत डाव संपतो.

दुसरे घराणे ‘कंट्रोल’चे. १९९४-९५ च्या सुमारास ब्रायन वाइसमन याने बांधलेला डेक इतका गाजला, की तो नुसता ‘द डेक’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यात समोरच्याला मारणारी पाने जवळजवळ नव्हतीच. ‘सेरा एंजल’ या उडणाऱ्या देवदूताच्या दोन प्रती, एवढेच काय ते हत्यार. उरलेला सगळा डेक समोरच्याचे मंत्र रद्द करायचा, त्याचे लढवय्ये हटवायचा आणि त्याच्या हातातली पाने कमी करायचा. ‘मोट’, म्हणजे खंदक, हे कार्ड मांडले की न उडणाऱ्या लढवय्यांना हल्लाच करता येत नसे. देवदूत मात्र उडत असल्याने खंदक ओलांडून जाई. त्याची ताकद चार, म्हणजे पाच हल्ल्यांत वीस. तोवर समोरच्याचा हात रिकामा झालेला असे. हातात आणि टेबलावर समोरच्यापेक्षा जास्त पाने राखायची, की विजय उशिरा का होईना आपोआप येतो, हे तत्त्व या डेकने खेळाडूंना शिकवले. त्याला ‘कार्ड ॲडव्हान्टेज’ म्हणतात.

तिसरे घराणे ‘कॉम्बो’. यात एकेकटी पाहता निरुपद्रवी वाटणारी दोन-तीन कार्डे एकत्र आली की यंत्र सुरू होते. १९९७ मध्ये पॅरिसला झालेल्या ‘प्रो टूर’ या व्यावसायिक स्पर्धेत माइक लाँग ज्या ‘प्रॉसब्लूम’ डेकने जिंकला, तो याचा नमुना. ‘कॅडॅव्हरस ब्लूम’ हे कार्ड टेबलावर असले की हातातले कोणतेही पान कायमचे बाजूला टाकून दोन माना घेता येतात. ‘प्रॉस्पेरिटी’ हा मंत्र, त्याच्या स्वतःच्या किमतीची एक माना सोडून, जितकी माना ओतावी तितकी पाने देतो. तीन पाने टाकली की सहा माना, सहा मानांतून पाच नवी पाने, पाच पानांतून दहा माना, आणि फुगा वाढतच जातो. शेवटी सगळी माना ‘ड्रेन लाइफ’ या एका घावात ओतायची. समोरच्याने मांडलेल्या लढवय्यांकडे पाहायचेही कारण उरत नाही.

या तिघांचे नाते ‘दगड-कागद-कात्री’ सारखे आहे, असे ढोबळपणे म्हणतात. कंट्रोलची तटबंदी उभी राहण्याआधीच ॲग्रो घुसतो. ॲग्रोचा शेवटचा घाव बसण्याआधी कॉम्बोचे यंत्र फिरते. आणि कॉम्बोचे मोक्याचे पान कंट्रोल रद्द करतो. प्रत्यक्षात सीमा इतक्या स्वच्छ नसतात. यांच्या मधोमध ‘मिडरेंज’ डेक असतात, जे धडाक्याच्या डेकसमोर बचाव करतात आणि संथ डेकसमोर चढाई. २००९-१० मधला ‘जंड’ हा त्यांतला नामांकित. चार मानांत लढवय्या आणि त्याच्यासोबत एक फुकट मंत्र देणारे ‘ब्लडब्रेड एल्फ’ हे त्याचे ओळखीचे पान.

म्हणूनच ‘सर्वांत चांगला डेक कोणता?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. सभागृहात बाकीचे काय घेऊन आले आहेत, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही. त्या ‘बाकीच्यां’च्या चित्राला खेळाडू ‘मेटागेम’, किंवा नुसते ‘मेटा’, म्हणतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादा डेक ‘ख’ विरुद्ध १०० पैकी ६० डाव जिंकतो, ‘ग’ विरुद्ध ४० आणि इतरांविरुद्ध ५०. सभागृहात निम्मे लोक ‘ख’ खेळत असतील आणि ‘ग’ २० टक्के असतील, तर त्याचे सरासरी यश ५३ टक्के होते. पुढच्या आठवड्यात ‘ख’ आणि ‘ग’ यांचे प्रमाण उलटले, की तेच यश ४७ वर येते. डेकमधले एकही पान बदललेले नसते. सहा टक्क्यांचा हा फरक एका डावात जाणवत नाही, पण मोठ्या स्पर्धांत बुद्धिबळासारख्या स्विस पद्धतीने फेऱ्यांमागून फेऱ्या खेळाव्या लागतात आणि पहिल्या आठांत यायचे तर मोजकेच पराभव परवडतात.

हा अंदाज कसा फळतो, ते १९९६ च्या उन्हाळ्यात दिसले. तेव्हा ‘नेक्रोपोटन्स’ या काळ्या कार्डाचे राज्य होते. एक लाइफ दिले की एक पान मिळते, असा त्याचा सौदा. आधी हे कार्ड अनेकांना घातक वाटले, कारण लाइफ संपले की डाव संपतो. पण वीसपैकी एकच लाइफ उरले तरी डाव चालूच असतो. मग बाकीचे एकोणीस खर्चायला हरकत काय? हे उमगले आणि काळे डेक इतके माजले, की त्या हंगामाला ‘ब्लॅक समर’ म्हणतात. त्याच वर्षी सिॲटलमध्ये ऑस्ट्रेलियाचा टॉम चानफेंग जगज्जेता झाला, तो छोट्या पांढऱ्या लढवय्यांचा डेक घेऊन. त्यातल्या सरदारांना काळ्या रंगापासून संरक्षण होते: काळे मंत्र त्यांना लक्ष्य करू शकत नसत आणि काळे लढवय्ये त्यांना अडवू शकत नसत. गंमत म्हणजे नोंदणीच्या यादीत निळी माना देणाऱ्या जमिनी लिहायच्याच राहून गेल्या, त्यामुळे डेकमधले एक निळे कार्ड त्याला स्पर्धाभर खेळताच आले नाही. सभागृहाचा अंदाज अचूक असल्याने एवढी चूकही खपून गेली.

अंदाज चुकला तर सावरायला ‘साइडबोर्ड’ असतो. लढत तीनपैकी दोन डावांची. पहिल्या डावानंतर जवळच्या जास्तीत जास्त १५ राखीव पानांतून डेक बदलता येतो. लाल डेक दिसला की लाइफ वाढवणारी पाने आत घ्यायची, कॉम्बो दिसला की हातातली पाने टाकायला लावणारी. ही १५ पाने म्हणजे ज्या डेकांची सर्वांत जास्त धास्ती आहे त्यांची यादीच. निवडीत आणखी दोन व्यावहारिक गोष्टी असतात. फेरी ठरावीक वेळेत, बहुधा ५० मिनिटांत, संपवावी लागते, म्हणून संथ कंट्रोल खेळणाऱ्याला बरोबरीचा धोका असतो. आणि महिनोन्‌महिने हाताळलेला दुय्यम डेक कित्येकदा आदल्या रात्री उचललेल्या अव्वल डेकपेक्षा जास्त कामी येतो.

एखादा डेक पुढे आला की सगळे त्याच्याविरुद्ध तयारी करून येतात आणि तो मागे पडतो, अशी ही रहाटगाडग्याची गती. कधी कधी मात्र रहाट अडकतो. ऑक्टोबर १९९८ मध्ये आलेल्या ‘अर्झाज सागा’ संचातल्या ‘टोलेरियन अकॅडमी’ या जमिनीने टेबलावरच्या यांत्रिक वस्तू मोजून तितकी माना द्यायला सुरुवात केली आणि कॉम्बो डेक पहिल्या काही पाळ्यांतच डाव संपवू लागले. त्याच वर्षी टॉमी होवी याने रोमची प्रो टूर याच डेकने जिंकली. असे झाले की कंपनी त्या कार्डावर बंदी घालते. अकॅडमी काही महिन्यांत गेली. २००४-०५ मध्ये यांत्रिक वस्तूंच्याच ‘ॲफिनिटी’ डेकवर दोन टप्प्यांत कुऱ्हाड चालली.

सर्वांत शिकवणारे उदाहरण ‘कॉ-ब्लेड’चे. फेब्रुवारी २०११ मध्ये बेन स्टार्क याने पॅरिसची प्रो टूर या पांढऱ्या-निळ्या डेकने जिंकली. दोन मानांचा ‘स्टोनफोर्ज मिस्टिक’ मांडला की डेकमधून एक तलवार हातात येई. दोन मानांचा ‘स्क्वॉड्रन हॉक’ हा एक ससाणा मांडला की आणखी तीन ससाणे हाती येत. उडत्या ससाण्याच्या हाती तलवार दिली आणि घाव बसला, की समोरच्याला एक पान टाकावे लागे आणि हल्ला करणाऱ्याच्या सगळ्या जमिनी पुन्हा वापरता येत. त्या मानेवर तो बचावाचे मंत्र तयार ठेवी. हा डेक ॲग्रो आणि कंट्रोल दोन्ही होता, म्हणून त्याच्याविरुद्ध तयारी तरी कशाची करायची, हेच कळेना. त्यात ‘जेस, द माइंड स्कल्प्टर’ हे पाने पुरवणारे कार्ड. जून २०११ मध्ये जेस आणि मिस्टिक या दोघांवर बंदी जाहीर झाली. ‘स्टँडर्ड’ या ताज्या संचांच्या प्रकारात सहा वर्षांत तशी वेळ आली नव्हती. मिस्टिक असलेला एक तयार डेक कंपनी स्वतःच विकत होती. तो एकही पान न बदलता खेळला तर चालेल, अशी सवलतही द्यावी लागली.

२०१६ मध्ये जुने कार्ड नव्या सोबतीने कसे बिघडते, हे दिसले. ‘आय ऑफ युगिन’ ही २०१० मधली जमीन रंगहीन ‘एल्ड्राझी’ लढवय्यांची किंमत दोन मानांनी कमी करते. तेव्हाचे एल्ड्राझी आठ-दहा मानांचे अजस्र असल्याने ही सूट माफक होती. २०१६ च्या संचात दोन-तीन मानांचे एल्ड्राझी आले आणि काही तर फुकटच पडू लागले. फेब्रुवारीत अटलांटाच्या प्रो टूरमध्ये पहिल्या आठांत सहा डेक एल्ड्राझींचे होते. उरलेले दोन ॲफिनिटी. एप्रिलमध्ये त्या जमिनीवर बंदी आली.

बंदी कायमचीच असते असे नाही. ‘मॉडर्न’ या जुन्या संचांनाही जागा देणाऱ्या प्रकारात जेस आणि स्टोनफोर्ज मिस्टिक २०११ पासून बंद होते. २०१८ मध्ये जेस परतला, २०१९ मध्ये मिस्टिक. दोघांवरचा मजकूर होता तोच होता. पण मधल्या काळात समोरचे डेक इतके वेगवान झाले होते, की एकेकाळी सभागृह व्यापणारी ही दोन पाने आता अनेकांपैकी दोन ठरली.