रस्ता बंद झाला तर तुमचा आजार किती दिवस थांबेल?

पावसाळ्यात जिवतीच्या डोंगरावरून खाली उतरणारा रस्ता कधी दोन तास बंद असतो, कधी दोन दिवस. तुम्ही या भागातले असाल तर यात नवीन काही नाही. पण घरात कुणाला मधुमेह, मिरगी, सिकलसेल किंवा किडनीचा आजार असेल, किंवा सून नवव्या महिन्यात असेल, तर दोन तास आणि दोन दिवस यांतला फरक फार मोठा असतो. काही आजार थांबतात, काही थांबत नाहीत. आपल्या घरातला आजार यांपैकी कुठला, हे पाऊस सुरू होण्याआधी माहीत असायला हवं.

आपत्ती व्यवस्थापनात काम करणारी माणसं हाच प्रश्न रोज विचारतात. पूर आला की बोट घेऊन येणारे जवान आपल्याला दिसतात, पण त्यांच्यामागचं बरंचसं काम कागदावर आणि महिनोन्महिने आधी झालेलं असतं. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण असतं आणि त्याने जिल्ह्याचा आराखडा करायचा असतो. रुग्णालय, कारखाना, बँक चालवणारेही आपापला असा आराखडा करतात. या सगळ्यांचा मूळ प्रश्न अगदी साधा आहे: ही सेवा बंद पडली तर किती वेळ चालून जाईल? ऑपरेशन थिएटरची वीज काही सेकंदही जाऊन चालत नाही, म्हणून तिथे जनरेटरच्या आधी बॅटरी लागते. कार्यालयाचा संगणक दिवसभर बंद राहिला तरी निभावतं. ज्याला कमी वेळ चालतं, त्याची सोय आधी करायची.

हाच हिशेब आता तुमच्या औषधांच्या डब्याला लावू.

कोणतं औषध थांबू शकत नाही?

लहानपणापासूनचा, म्हणजे टाइप १ मधुमेह असेल तर इन्सुलिन एक दिवसही पूर्ण बंद करता येत नाही. रुग्ण जेवत नसला, उलट्या होत असल्या तरी इन्सुलिन पूर्ण थांबवू नका; डोस किती करायचा ते डॉक्टरांना विचारा. इथे चूक नेहमी एकाच प्रकारे होते. ‘आज काही खाल्लं नाही, मग सुई कशाला?’ असं घरच्यांना वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पोटदुखी, धाप आणि गुंगी घेऊन रुग्ण येतो.

वीज गेली तर इन्सुलिनचं काय, हा पुढचा प्रश्न. वापरात असलेली बाटली साधारण ४ आठवडे घरातल्या थंड जागेत चालते. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. फ्रिज नसेल किंवा वीज टिकत नसेल तर मातीचं मडकं घ्या. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटली, वर ओलं फडकं, आणि हे सगळं सावलीत, वारा लागेल अशा जागी. चंद्रपूरच्या मे महिन्यात याचा मोठा आधार होतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत मडकं तेवढं गार होत नाही, पण तेव्हा मेचं ऊनही नसतं. बर्फात मात्र बाटली ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं.

मिरगीच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर एकामागून एक झटके येऊ शकतात. हृदयात स्टेंट बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड ही औषधंसुद्धा एकदम तोडायची नसतात. क्षयरोगाच्या गोळ्या दोन दिवस चुकल्या तर त्या दोन दिवसांत काही दिसत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण वारंवार खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. याउलट कॅल्शियम किंवा व्हिटॅमिनची गोळी आठवडाभर मिळाली नाही तर काळजीचं कारण नाही. तुमच्या चिठ्ठीवरच्या प्रत्येक गोळीपुढे ‘थांबेल’ की ‘थांबणार नाही’ एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. आम्ही हे आपणहून क्वचित लिहितो, तुम्ही विचारलंत तर लिहून देतो.

मग पावसाळ्याआधी, जूनच्या सुरुवातीलाच, ‘थांबणार नाही’ गटातली किमान १५ दिवसांची जास्तीची औषधं मागून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याचीच औषधं देण्याची पद्धत असली, तरी गाव पावसात तुटतं हे सांगून वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला.

सिकलसेल आणि डायलिसिस

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. भिजणं, थंडी, पाणी कमी पिणं आणि ताप यांनी दुखण्याचा झटका सुरू होतो, आणि पावसाळ्यात हे चारही एकदम जमून येतात. साध्या झटक्यात ऊब, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी यांवर घरी सुरुवात करता येते. पण १०१ अंशांच्या वर ताप, छातीत दुखणं, धाप, हातपाय किंवा तोंड एका बाजूला लुळं पडणं, किंवा मूल अचानक पांढरंफटक होऊन पोटाची डावी बाजू फुगणं, यांपैकी काहीही दिसलं तर रस्ता उघडण्याची वाट पाहायची नाही. त्याच क्षणी फोन करायचा. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर रक्ताची तपासणी जूनमध्येच उरकून घ्या, कारण तपासणीशिवाय ते औषध महिनोन्महिने घेणं बरं नाही.

डायलिसिसचा हिशेब आणखी कडक आहे. आठवड्यातून दोन-तीनदा जावंच लागतं आणि एक फेरी चुकली की अंगात पाणी आणि पोटॅशियम साठू लागतं. जिवतीहून घाट उतरून तुम्ही गडचांदूरला पोहोचलात तरी चंद्रपूरला जाताना वर्धा नदी ओलांडावी लागते. त्याच्या नेहमीच्या वाटा दोन: राजुऱ्याकडून बल्लारपूरच्या पुलावरून, नाहीतर भोयगावच्या पुलावरून. जुलै २०२२ च्या पुरात या दोन्ही वाटा पाण्याखाली गेल्या होत्या. म्हणजे आपल्या डोंगरावर पाऊस थांबला तरी वरून येणारं पाणी खाली पूल अडवून बसतं.

म्हणून हवामान खात्याच्या इशाऱ्याचे रंग नीट वाचा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. डायलिसिसच्या रुग्णाने रेडची वाट पाहू नये. ऑरेंज आला की नदीपलीकडच्या नातेवाइकांकडे जावं आणि केंद्राला फोन करून फेरी एक दिवस अलीकडे मागावी. तरीही अडकलात तर पाणी मोजून प्या, मीठ कमी करा, आणि केळी, संत्री, नारळपाणी पूर्ण टाळा. ‘अशक्तपणा आलाय, थोडं नारळपाणी द्या’ असं कुणीतरी म्हणतंच. या रुग्णाला ते जिवावर बेतू शकतं.

बाळंतपण

या बाबतीत यंत्रणेचं काम खरोखर चांगलं दिसतं. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं. तिथल्या आशा आणि आरोग्यसेविका पावसाळ्याआधी गावनिहाय यादी करतात: कोणती बाई कोणत्या तारखेच्या आसपास बाळंत होणार, तिच्या गावाच्या वाटेत कोणता नाला आहे. तारीख जवळ आलेल्या बायकांना आधीच आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात हलवतात. आदिवासी भागांत त्यासाठी ‘माहेरघर’ ही सोयही आहे. बाळंतपणाच्या काही दिवस आधी येऊन केंद्राजवळ राहता येतं.

यात अडचण येते ती घरातून. धान लावणी, कापसाचं निंदण, लहान मुलं, कोंबड्या. ‘कळा सुरू झाल्या की जाऊ’ असं सासूबाई म्हणतात. त्यांच्या काळात तसंच चालायचं आणि त्यात किती जणी गेल्या तेही त्यांनाच ठाऊक असतं. आधीचं सिझेरियन, जुळी, रक्तदाब, सिकलसेल किंवा पंडुरोग असेल तर तारखेच्या दोन आठवडे आधी खाली येण्याचं ठरवाच. कोंबड्यांची सोय शेजारी करतात.

फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं?

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस किंवा कोणत्याही संकटासाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. हे बहुतेकांना माहीत असतं. जिवतीची एक खास अडचण मात्र लक्षात ठेवा. तालुका तेलंगणाच्या सीमेवर आहे, काही गावांवर तर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. तेलंगणातही रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ च आहे. तुमच्या मोबाइलने पलीकडचा टॉवर पकडला असेल तर फोन पलीकडच्या केंद्रात लागू शकतो. म्हणून आजाराचं सांगण्याआधी ‘गाव अमुक, तालुका जिवती, जिल्हा चंद्रपूर, महाराष्ट्र’ एवढं बोला. नियंत्रण कक्षाचा लँडलाइन क्रमांक तहसील कार्यालयातून घेऊन भिंतीवर खडूने लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, भिंत राहते.

मग सांगा: रुग्णाचं वय, त्रास काय, कधीपासून, आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते. हे शेवटचं फक्त तुम्हालाच माहीत असतं. कोणता नाला भरला आहे, खाटेवर टाकून रुग्णाला कुठल्या फाट्यापर्यंत आणता येईल, हे आधी कळलं तर गाडी चुकीच्या काठावर उभी राहत नाही. खालचा रस्ता बंद आणि तेलंगणाकडचा उघडा असेल तर आदिलाबादचं सरकारी रिम्स रुग्णालय हाही पर्याय आहे. जीव वाचवताना राज्य पाहायचं नसतं. आधार, आयुष्मान कार्ड आणि जुनी चिठ्ठी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

साप चावला तर थेट चंद्रपूरचा विचार करू नका. आधी जवळचं आरोग्य केंद्र गाठा. सर्पविषावरची लस तिथे सुरू करता येते. चावलेला हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवा, करकचून आवळू नका, चिरा देऊ नका. मण्यार रात्री झोपेत चावते आणि बहुधा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या मिटू लागल्या तर सापाचा संशय घ्या.

पाण्याची दुसरी वाट

जुलै २०२२ मध्येच मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत कॉलरा पसरला, माणसं दगावली. नळयोजनेची वीज बंद होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले. वीज गेली, म्हणून पंप गेला, म्हणून विहीर, म्हणून कॉलरा. आपत्तीचं नियोजन करणारे अशीच साखळी मांडून पाहतात. आपल्या गुड्यावर पंप बंद पडला तर पाणी कुठून आणणार, हे ग्रामसभेत विचारा. घरात ओआरएसची पाकिटं आणि क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

सिमेंट कारखान्यात कामाला असाल तर

गडचांदूर परिसरातल्या सिमेंट कारखान्यांत डोंगरावरचे अनेकजण कामाला जातात. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. तेव्हापासून धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याला आपत्कालीन आराखडा करावा लागतो आणि तो कामगारांना सांगावा लागतो. सिमेंट उद्योग त्या यादीत आहे. तुम्हाला मिरगी, मधुमेह किंवा दमा असेल तर कारखान्याच्या आरोग्य केंद्रात त्याची नोंद करा. नोकरी जाईल या भीतीने बरेचजण लपवतात, आणि ठेकेदाराकडे असणाऱ्यांची ती भीती अगदी खोटी नाही. पण पावसात दुसरी पाळीही करावी लागली, बस आली नाही, तर तुमची संध्याकाळची गोळी घरी राहते. निदान दोन दिवसांची गोळ्यांची पुडी डब्यात ठेवा आणि सोबत काम करणाऱ्या एकाला तरी सांगा, झटका आला तर काय करायचं.

पुढच्या वेळी आशाताई घरी आली की तिला एक प्रश्न विचारा: तिच्या यादीत तुमच्या घरातल्या रुग्णाचं नाव आहे का? गरोदर बायकांची यादी तिच्याकडे पक्की असते. घरी ऑक्सिजनचं यंत्र चालणारे आजोबा किंवा मिरगीचा मुलगा त्या यादीत नसण्याचीच शक्यता जास्त. नाव, आजार, औषध आणि फोन क्रमांक तिच्या वहीत तिथेच लिहून घ्या.